पुसलेली फीत आणि परतलेले चिमणराव

विनोदी वाङ्मय अल्पायुषी असते, असा एक समज आपल्याकडील रसिकांत फार दिवसांपासून रूढ आहे. पुत्रशोकाने व्याकुळ झालेला दशरथ आजच्या वाचकालाही रडवितो. परंतु पन्नास वर्षांपूर्वीची थट्टा आजच्या वाचकाला हसवीलच, अशी हमी कोणी देत नाही. टोपीची तऱ्हा बदलते, बोलण्याची ढब बदलते, घरभाड्याचे आकडे बदलतात आणि त्यांबरोबर कालचा विनोदही शिळा होतो, असे मानले जाते. हा समज अगदीच निराधार आहे असे मी म्हणत नाही. पण इतिहास पाहू जाता त्याला मोठे अपवाद आढळतात. काही विनोदी पात्रे एकदा निरोप घेऊन गेल्यावर दहा, वीस, चाळीस वर्षांनी पुन्हा दारात उभी राहतात. आणि तीही पाहुण्यासारखी नव्हे, घरच्या माणसासारखी. अशी पात्रे परत कशी येतात, कोणाच्या बळावर येतात, आणि येऊनही पुन्हा हातची कशी जातात, याचा विचार दोन उदाहरणांच्या आधारे करावा, असा या लेखाचा हेतू आहे. त्यांपैकी एक उदाहरण इंग्लंडातील आहे. दुसरे आपल्या घरचे आहे. परक्याचे आधी पाहू, म्हणजे आपले नीट दिसेल.

बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर १५ फेब्रुवारी १९८८ रोजी 'रेड ड्वार्फ' नावाची एक विनोदी मालिका सुरू झाली. रेड ड्वार्फ म्हणजे खगोलशास्त्रातील लाल बटू तारा. पण येथे ते एका अवाढव्य अवकाशयानाचे नाव आहे. रॉब ग्रँट व डग नेलर या दोन लेखकांनी तिची कथा रचली. त्या यानावरील लिस्टर नावाचा अगदी खालच्या दर्जाचा कामगार चोरून मांजर पाळतो. त्याबद्दल शिक्षा म्हणून त्याला कालस्तंभनाच्या कोठडीत ठेवले जाते. इकडे यानावर किरणोत्सर्गाचा अपघात होऊन सारे खलाशी मरतात, आणि कोठडीचे दार उघडते तेव्हा तीस लक्ष वर्षे लोटलेली असतात. मानवजातीतील हा शेवटचा माणूस. त्याच्या सोबतीला कोण? तर हयातीत त्याला छळणारा, आता केवळ प्रकाशाची आकृती होऊन राहिलेला त्याचा वरिष्ठ रिमर. त्याच मांजरीच्या वंशात उत्क्रांत झालेला, आरशापुढून न हलणारा एक नटवा प्राणी. आणि पुढे येऊन मिळालेला क्रायटन नावाचा आज्ञाधारक यंत्रमानव.

कल्पना विज्ञानकथेची खरी, पण तिची प्रकृती चाळीतल्या बिऱ्हाडाची आहे. विश्वाच्या पोकळीत हे लोक भांडतात ते नक्षत्रांवरून नव्हे. खोलीत पसारा कोणी केला, वरच्या बाकावर कोणी निजावे, कोणाचे मोजे कोठे पडले, यांवरून. भव्य पार्श्वभूमीवर क्षुद्र कटकट, हीच या विनोदाची गुरुकिल्ली होय. आरंभी तिचे भाग्य काही मोठे नव्हते. बीबीसीने ही कल्पना पुन्हा पुन्हा नाकारली होती, आणि अखेर ती स्वीकारल्यावर वीजकामगारांच्या संपामुळे पहिले चित्रणच लांबणीवर पडले होते. तरीही हळूहळू तिला प्रेक्षक मिळाला आणि १९९९ पर्यंत तिच्या आठ आवृत्त्या मिळून बावन्न भाग झाले.

नंतर मात्र मालिका थांबली. तिच्यावर मोठा चित्रपट काढावा म्हणून नेलर यांनी वर्षानुवर्षे खटपट केली. द्रव्यबळ उभे राहीना. दहा वर्षे अशीच गेली. आणि मग २००९ च्या ईस्टरच्या सुटीत तीन नवे भाग अवतरले, ते बीबीसीवर नव्हे, तर 'डेव्ह' नावाच्या एका लहानशा वाहिनीवर. या वाहिनीचा मुख्य व्यवसाय जुन्या कार्यक्रमांचे पुनःप्रक्षेपण करणे हा होता. 'रेड ड्वार्फ'चे जुने भाग ती दाखवीत होती, लोक ते पुन्हा पुन्हा पाहत होते. तेव्हा ज्यांना जुने एवढे आवडते त्यांना नवे का देऊ नये, असा सरळ व्यापारी विचार तिने केला. ते तीन भाग वीस लाखांहून अधिक लोकांनी पाहिले. मग २०१२, २०१६ व २०१७ या वर्षी नव्या आवृत्त्या निघाल्या आणि २०२० च्या एप्रिलात चित्रपटाच्या लांबीचा एक भाग झाला. आरंभी पंचविशीही न गाठलेला लिस्टर करणारा नट आता पन्नाशी ओलांडून गेला होता. आणि नवल असे की, त्याचे वय वाढल्याने 'शेवटचा माणूस' ही भूमिका त्याला अधिकच शोभू लागली.

या हकिगतीतील एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. हे पुनरुज्जीवन केवळ चाहत्यांच्या प्रेमावर झाले नाही. ते जुन्या भागांच्या पुनःप्रक्षेपणावर झाले. आणि जुने भाग दाखविता आले, कारण ते शिल्लक होते. हे शिल्लक राहणे आपण समजतो तितके स्वाभाविक नाही. त्याच बीबीसीने १९६० नंतरच्या दशकात व पुढेही कित्येक वर्षे आपल्या फिती सर्रास पुसल्या होत्या. चित्रफीत महाग असे. कार्यक्रम एकदा-दोनदा दाखवून झाला की त्याचा उपयोग संपला असे समजत. नटसंघांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा असत. आणि पुढे घरोघर चित्रफिती विकल्या जातील, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. १९६३ साली सुरू झालेल्या 'डॉक्टर हू' या सुप्रसिद्ध विज्ञानमालिकेचे नव्वदांहून अधिक भाग अशा रीतीने नाहीसे झाले. काहींच्या प्रती पुढे परदेशांत सापडल्या. २०१३ साली नऊ भाग नायजेरियातून परत मिळाले. जे भाग मुळीच मिळत नाहीत त्यांचा आवाज तेवढा शिल्लक आहे, कारण त्या काळी काही हौशी प्रेक्षकांनी घरच्या ध्वनिमुद्रकावर तो टिपून ठेवला होता. संस्थेने गमावलेले संचित पोरासोरांनी राखले! ही चूक उमगून १९७८ च्या सुमारास बीबीसीने फिती पुसणे थांबविले. 'रेड ड्वार्फ' त्यानंतर दहा वर्षांनी जन्मली, हे तिचे मोठे भाग्य.

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडे वळू. मराठीत विज्ञानकथेची अशी विनोदी मालिका नाही. पण विनोदाच्या पुनर्जन्माचे उदाहरण मात्र आपल्याकडे आहे, आणि ते इंग्रजी उदाहरणापेक्षा एका अर्थी अधिक विलक्षण आहे. ते म्हणजे चिमणराव.

चिंतामण विनायक जोशी यांचा जन्म १९ जानेवारी १८९२ रोजी पुण्यास झाला. पाली भाषेचा त्यांचा व्यासंग मोठा होता. धर्मानंद कोसंब्यांसारख्या गुरूंपाशी ते ती भाषा शिकले आणि पुढे बडोद्यास अध्यापक म्हणून त्यांनी आयुष्याचा मोठा काळ घालविला. बुद्धाच्या वचनांचा अभ्यास करणारा हा सौम्य पंडित विनोदी लेखक व्हावा, यात वरवर विसंगती दिसते. परंतु जातककथा ज्याने मन लावून वाचल्या आहेत त्याला ती दिसू नये. माणसाच्या फजितीकडे करुणेने पाहणे हे दोहोंतही समान आहे. १९३२ साली 'एरंडाचे गुऱ्हाळ' व १९३३ साली 'चिमणरावाचे चऱ्हाट' ही पुस्तके प्रसिद्ध झाली आणि मराठी मध्यमवर्गाच्या घरात एक नवा भाडेकरू कायमचा राहावयास आला.

चिमणराव स्वतःच आपली कथा सांगतात, हा या लेखनाचा मर्मबिंदू होय. किरकोळ शरीराचा, भित्रा, सुस्वभावी, आपल्या शहाणपणावर गाढ विश्वास असलेला हा गृहस्थ आपली प्रत्येक फजिती मोठ्या गांभीर्याने नमूद करतो. आपण हसण्याजोगे काही सांगत आहो, याची त्याला गंधवार्ताही नसते. त्याच्या शेजारी गुंड्याभाऊ. हा त्यांचा नात्यातला भाऊ, अंगाने धिप्पाड, स्वभावाने रोखठोक, हातात सोटा असलेला, कोणत्याही प्रश्नाचा उलगडा दोन वाक्यांत किंवा एका तडाख्यात करणारा. नावे पाहिली तरी मौज वाटते. चिमण, त्याची बायको काऊ, मुले राघू आणि मैना. सारे घर म्हणजे पाखरांचे झाड, आणि त्यात हा एक गुंडा येऊन पडलेला! लिस्टर-रिमर काय आणि चिमणराव-गुंड्याभाऊ काय, विनोदाची जोडी जगात सर्वत्र एकाच नियमाने जुळते: एकमेकांवाचून ज्यांचे चालत नाही अशी दोन विजोड माणसे एका छपराखाली कोंडावी. मग छप्पर पुण्यातील वाड्याचे असो की अवकाशयानाचे.

चिमणरावांचा पहिला पुनरवतार रुपेरी पडद्यावर झाला. मास्टर विनायक यांनी नवयुग चित्रसंस्थेसाठी १९४० साली 'लग्न पहावे करून' व १९४२ साली 'सरकारी पाहुणे' हे चित्रपट काढले. त्यांत दामूअण्णा मालवणकर हे चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ झाले. दामूअण्णांच्या मुद्रेवर जो भाबडा गोंधळ सदैव वावरत असे, त्याने एका पिढीपुरते चिमणरावांचे रूप निश्चित करून टाकले. नंतर तीसेक वर्षे चिमणराव केवळ पुस्तकांत राहिले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी चि. वि. जोशी निवर्तले. तेव्हा भारतात दूरचित्रवाणी म्हणजे दिल्लीपुरता एक प्रयोग होता. आपल्या मानसपुत्राला पुढे तेथे जागा मिळणार आहे, हे त्यांना कळावयास मार्ग नव्हता.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढल्या वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे त्याचे कार्यक्रम पुण्यास दिसू लागले. त्या केंद्रावर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात विजया जोगळेकर-धुमाळे यांनी चिमणरावांची मालिका सादर केली. मराठीतील पहिली मालिका म्हणून तिचा उल्लेख सामान्यतः केला जातो. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले. प्रभावळकर तेव्हा औषधांच्या कारखान्यात नोकरी करीत होते, कर्वे मुंबई महापालिकेत अभियंते होते. दोघेही आपली नोकरी सांभाळून नाटके करणारे. म्हणजे कारकुनाच्या व नोकरदाराच्या जगातील हा विनोद खऱ्याखुऱ्या नोकरदारांच्या हाती आला. त्या काळी वाड्यात वा चाळीत एखाद्याच घरी दूरचित्रवाणीसंच असे आणि बाकीची सारी मंडळी त्या घरी सतरंजीवर येऊन बसत. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा विनोद कृष्णधवल पडद्यावर नव्याने उमलला, आणि ज्या आजोबांनी तो पुस्तकात वाचला होता ते व ज्या नातवाला वाचावयास येत नव्हते तो, असे दोघे एकाच वेळी हसले. या यशामुळे १९७९ साली 'चिमणराव गुंड्याभाऊ' हा चित्रपटही त्याच जोडीला घेऊन निघाला.

येथवरची कथा मुंबई-पुण्याची झाली. मी तेव्हा वळसंगास शाळेत होतो, आणि तेथून ही कथा अगदी निराळी दिसत होती.

वळसंग हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील, सोलापूरहून अक्कलकोटास जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. आमच्याकडे शाळेत मराठी आणि चुलीपाशी कानडी, असा दोन भाषांचा संसार घरोघर चालतो. मुंबई केंद्राच्या लहरी पुण्यापुढे फार लांब जात नसत. अडीचशे मैलांवरच्या आमच्या गावास त्यांचा स्पर्श होणे शक्यच नव्हते. मौज अशी की, त्याच सुमारास दूरचित्रवाणी आमच्या अगदी वेशीपर्यंत येऊन गेली होती. भारताने अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या साह्याने १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर खेड्यांना दूरचित्रवाणी दाखविण्याचा प्रयोग केला. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेडी त्यासाठी निवडली होती. कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा व रायचूर या जिल्ह्यांतील खेडी त्यांत होती. महाराष्ट्राचा समावेश नव्हता. म्हणजे भीमेपलीकडे आमच्या सोयऱ्यांच्या मुलुखात शाळेच्या पडवीत बसून लोक आकाशातून उतरलेले कानडी कार्यक्रम पाहत होते, आणि भीमेअलीकडे आम्ही कंदिलाच्या उजेडात पाढे म्हणत होतो.

ज्याने अशा उपग्रहांची कल्पना १९४५ सालीच एका नियतकालिकात मांडली होती, तो आर्थर क्लार्क हा विज्ञानकथालेखक तेव्हा कोलंबोस राहत असे. त्या प्रयोगाचे कार्यक्रम पाहता यावेत म्हणून भारतीय शास्त्रज्ञांनी त्याच्या घरावर एक आकाशक बसवून दिला होता. विज्ञानकथा खरी झालेली तिच्या कर्त्याने घरी बसून पाहावी, आणि ती आमच्या गावाला मात्र केवळ जिल्ह्याच्या रेषेमुळे हुकावी, हा विनोदही चिमणरावांच्याच जातीचा म्हणावयाचा.

तेव्हा चिमणरावांची मालिका आमच्या घरी आली ती लहरींवरून नव्हे, एस.टी.ने आली. माझी आत्या पुण्यास असे. दिवाळीत व उन्हाळ्यात ती आली की रात्री जेवणे आटोपल्यावर अंगणात पाहिलेले भाग सांगावयास बसे. तिला नक्कल साधत असे. पदर खोचून, हातात केरसुणीचा दांडा सोट्यासारखा धरून ती गुंड्याभाऊ होई. मग खांदे आवळून, मान पुढे काढून, घोगऱ्या भित्र्या आवाजात चिमणराव होई. माझ्या आईस कानडी सफाईने येई, मराठी बेताचेच. म्हणून मध्येच थांबून आत्या तिला कानडीत उलगडा करी. शेजारच्या बायका भिंतीपलीकडून विचारीत, "पुढं काय झालं त्या गुंडप्पाचं?" कारण आमच्याकडे गुंडप्पा हे अगदी घरोघरचे नाव. गुंडू म्हणजे कानडीत वाटोळा दगड. पुण्याचा गुंड्याभाऊ वळसंगास येईपर्यंत आपोआप गुंडप्पा झाला होता, आणि तो आपल्याच भावकीतला आहे याबद्दल कोणास शंका उरली नव्हती.

माझे वडील पुढे सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयातून 'चिमणरावाचे चऱ्हाट' घेऊन आले. मी ते वाचले तेव्हा प्रथम माझा थोडा हिरमोड झाला. आत्याच्या सांगण्यातील कित्येक प्रसंग त्यात सापडेनात. ते मालिकेने घातले होते की आत्याने पदरचे घातले होते, हे आजही मला सांगता येत नाही. आणि ताडून पाहण्याचा मार्ग आता उरलेला नाही.

कारण ती मालिका आज पाहावयास मिळत नाही. इंग्लंडात जे झाले तेच येथे झाले. फिती महाग होत्या, मोजक्या होत्या. कार्यक्रम दाखवून झाला की तीच फीत पुसून तिच्यावर पुढचा कार्यक्रम मुद्रित करावयाचा, ही तेव्हाची सर्वमान्य काटकसर होती. चिमणरावांचे बहुतेक भाग त्या काटकसरीत गेले. आमच्या भागात दूरचित्रवाणी पोहोचली ती १९८० नंतरच्या दशकात, देशभर झपाट्याने प्रक्षेपक उभे राहू लागले तेव्हा. संच आला, छपरावर आकाशक चढला, आणि मी भाबडेपणाने वाट पाहू लागलो की आता केव्हातरी चिमणराव दिसतील. रामायण दिसले, महाभारत दिसले, क्रिकेट दिसले. चिमणराव दिसले नाहीत. ज्यांनी ती मालिका पाहिली त्यांच्या स्मृती, काही छायाचित्रे, नटांनी सांगितलेल्या आठवणी आणि १९७९ चा चित्रपट एवढाच तिचा अवशेष आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये बाळ कर्वे वारले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांचा निरोप गुंड्याभाऊ म्हणूनच घेतला. परंतु ज्या भूमिकेने त्यांना ओळख दिली ती नव्या वाचकास दाखवावी म्हटले, तर दाखविण्यास फारसे काही हाताशी नव्हते.

यात कोणा एका माणसास वा एका कार्यालयास दोष देण्याचा माझा मानस नाही. ज्या कर्मचाऱ्याने फीत पुसली, त्याने वरिष्ठांची आज्ञा पाळली आणि सरकारचे चार पैसे वाचविले. उणीव होती ती आपल्या सर्वांच्या समजुतीत. जे गंभीर आहे ते जपावे, जे हसविते ते ऐकून सोडून द्यावे, ही ती समजूत. पुढाऱ्याचे भाषण दफ्तरी राहते. कारकुनाच्या फजितीची कथा राहत नाही. वास्तविक समाज कसा राहत होता, काय खात होता, कोणास भीत होता, भाड्यासाठी कसा कुढत होता, हे भाषणापेक्षा त्या फजितीतच अधिक खरे सापडते.

आणि येथे एक योगायोग मनाला चटका लावून जातो. चि. वि. जोशी हे केवळ अध्यापक नव्हते. बडोदे संस्थानच्या राजदफ्तराची व्यवस्थाही त्यांनी पाहिली होती. जुन्या कागदाचे मोल काय, हे त्यांच्याइतके जाणणारे विनोदी लेखक मराठीत दुसरे नसतील. रुमालात बांधलेला, वाळवीने खाल्लेला, कोणास नकोसा झालेला एखादा कागद शंभर वर्षांनी इतिहासाचा आधार होतो, हे ज्याने हाताने अनुभवले, त्याच्याच मानसपुत्राची सर्वांत लोकप्रिय मूर्ती एका फितीच्या किमतीपायी पुसली जावी! दफ्तरदाराने सारे दफ्तर सांभाळावे आणि त्याच्या घरचाच रुमाल हरवावा, तशातली ही गोष्ट झाली.

या पुनरुज्जीवनाच्या कौतुकावर एक आक्षेप घेतला जातो, त्याचाही विचार केला पाहिजे. चिमणराव हे पुण्यातील एका विशिष्ट जातीच्या, विशिष्ट वर्गाच्या, विशिष्ट काळाच्या घरातील गृहस्थ. त्यांचे जग अरुंद आहे. त्यात शेतकरी नाही, विणकर नाही, भीमाकाठचा दुष्काळ नाही. मग अशा पात्रास सर्व महाराष्ट्राचे म्हणावे तरी का, आणि त्याची फीत गेली म्हणून आमच्यासारख्यांनी हळहळावे तरी का? आक्षेप खोटा नाही. वळसंगच्या शाळेत माझ्याबरोबर बसणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांना वाड्यातील ओसरी वा सोवळ्याची खुंटी म्हणजे काय, हे ठाऊक नव्हते. पण माझा अनुभव असा की, त्यांचे हसणे त्यामुळे अडले नाही. आपण शहाणे आहो असे समजणारा आणि प्रत्येक वेळी तोंडघशी पडणारा चुलता त्यांच्याही घरी होता. सोटा घेऊन न्याय करणारा गुंडप्पा तर प्रत्येक गल्लीत होता. उलट, लेखकाने सर्वांचा म्हणून एखादा निर्गुण निराकार नायक निर्मिला असता तर तो कोणाच्याच ओळखीचा झाला नसता. 'रेड ड्वार्फ'मधील लिस्टर लिव्हरपूलचा आहे, त्याची बोली, त्याचे खाणेपिणे, त्याच्या खोड्या सारे तेथले आहे. म्हणूनच तो तीस लक्ष वर्षांनंतरच्या पोकळीतही जिवंत वाटतो. विनोद जितका आपल्या घरचा राहील, तितका तो दूरवर जातो. अरुंदपणा हा चिमणरावांचा दोष असेल. पण त्यांच्या दीर्घायुष्याचे कारणही तोच आहे. ज्यांची घरे त्या चौकटीत आली नाहीत त्यांच्या फजितीचे चऱ्हाटही कोणी तितक्याच मायेने लिहावयास हवे होते, ही तक्रार मात्र खरी आहे. आणि तिचे उत्तर चिमणरावांना विसरण्यात नाही, आणखी दहा चिमणराव निर्माण करण्यात आहे.

आता दोन्ही कथा शेजारी ठेवून पाहिल्या तर काय दिसते? 'रेड ड्वार्फ' परतली, कारण तिची फीत राहिली. चिमणराव १९७० नंतर परतले, कारण त्यांचे पुस्तक राहिले. छापलेल्या पुस्तकाच्या हजारो प्रती गावोगावच्या वाचनालयांत विखुरलेल्या असतात. एक फाटली तरी दुसरी असते. फीत एकच असते, आणि ती एकाच कपाटात असते. म्हणून चिमणरावांचा जो अवतार कागदावर होता तो तगला, जो फितीवर होता तो गेला. आमच्या गावात तो थोडाबहुत उरला तो आत्याच्या नकलेत; परंतु आत्या आता नाही, आणि तिची नक्कल कोणी टिपून ठेवली नाही. इंग्लंडातील पोरांनी ध्वनिमुद्रक लावून ठेवले होते. आमच्या घरी ध्वनिमुद्रक नव्हता; आणि असता तरी ती नक्कल जपून ठेवण्याजोगी आहे, हे आम्हांस सुचले नसते.

हे सारे आज लिहिण्याचे एक निमित्त आहे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या लेखनावरील स्वामित्वहक्क संपतो. चि. वि. जोशी १९६३ साली वारले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले चिमणराव-साहित्य १ जानेवारी २०२४ पासून सर्वांस मोकळे झाले आहे. आता ज्या कोणास चिमणरावांना पुन्हा उभे करावयाचे असेल, मग तो मुंबईचा निर्माता असो की एखाद्या तालुक्याच्या गावातील हौशी नाट्यमंडळी, त्याला कोणाची अनुज्ञा घ्यावी लागणार नाही. गुंड्याभाऊस गुंडप्पा करून कानडी-मराठी मिश्र बोलीत वळसंगच्या चौकात उभे केले, तरी त्यास कायद्याची आडकाठी नाही. असे कोणी करील, आणि बरेही करील, अशी मला आशा आहे. चिमणरावांस चौथा अवतार घेण्याची शक्ती आहे, याविषयी मला शंका नाही. जे पात्र पुस्तकातून पडद्यावर, पडद्यावरून लहान पडद्यावर आणि तेथून आमच्या अंगणात आले, त्याची उमेद अजून सरलेली नाही.

विनंती एवढीच की, त्या वेळी जे कोणी ते काम करतील त्यांनी पहिल्या दिवशीच त्याची एक प्रत काढून निराळ्या गावी, निराळ्या कपाटात, कोणा जबाबदार माणसाच्या हवाली करावी. आज प्रत काढावयास फितीची किंमत पडत नाही, परकीय माल लागत नाही, वरिष्ठांची आज्ञा लागत नाही. पूर्वीची एकही सबब आता उरलेली नाही. तरीही गाफीलपणे ते हरवले, तर तो दोष काळाचा नसून आपला असेल. चिमणरावांनी मात्र आपल्या नेहमीच्या गांभीर्याने ती फजितीही नमूद करून ठेवली असती, आणि आपण काही हसण्याजोगे सांगत आहो, याची त्यांना दादही लागली नसती.